४५व्या वर्षी वेल्डिंग सोडून तपासणीत जावं का? मदत हवी आहे

राजेहो, सल्ला पाहिजे. वरोऱ्याकडे पाइप वेल्डिंग करतो, आर्क-टिग दोन्ही. आता व्हीटी-पीटी (नजरेनं अन् रंगीत द्रवानं जोड तपासायच्या पद्धती) लेव्हल टू, म्हणजे तपासनिसाची दुसरी पायरी, करावं म्हणतो. अंडरकट (जोडाच्या काठची खाच), पोरोसिटी (जोडातली वायूची भोकं) नजरेला कळते. अडतं ते कोड, म्हणजे नियमांची पुस्तकं, वाचण्यात अन् रिपोर्ट लिहिण्यात. डोळ्यांचं निभेल, १२ इंचांवरून जेगर-२ (नजर तपासायच्या तक्त्यावरची बारीक अक्षरं) वाचायचं, चष्मा चालतो.

खरी गोम वेगळीच. एसएनटी-टीसी-१ए (तपासनिसांच्या सर्टिफिकेटची अमेरिकन पद्धत) मध्ये सर्टिफिकेट नोकरी देणारी कंपनी देते. कंपनी बदलली की नव्या ठिकाणी पुन्हा. मग क्लासची फी आधी भरावी, की आधी कंपनी धरावी?

अन् एक. मे महिन्यात उन्हातला पाइप ५२ अंशांच्या वर गेला, की पेनेट्रंट (पीटीतला लाल द्रव) भेगेतच सुकतं, डेव्हलपरवर (तो द्रव बाहेर ओढणारा पांढरा थर) लाल रेघ उमटतच नाही. तुम्ही पीटी पहाटेच उरकता, की ओलं पोतं टाकून, पाइप थंड करून, कोरडा पुसून?