एस्टोनियाचा क्रिप्टो परवाना खरा की नावापुरता, कसा तपासायचा? तक्रार कुठे चालते?

चौकस:
मंडळी, टेलिग्रामवर फिरणाऱ्या बऱ्याच परदेशी क्रिप्टो एक्स्चेंजच्या जाहिरातींत ‘एस्टोनिया सरकारचा परवाना’ असं ठळक अक्षरांत असतं. खाली टालिनचा (एस्टोनियाची राजधानी) पत्ता, आठ आकडी कंपनी क्रमांक आणि ‘एफव्हीटी’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक घरबसल्या तपासता येतो का? खरा निघाला तर ग्राहकाला त्यातून नेमकं काय संरक्षण मिळतं? आणि पैसे अडकले तर तिथलं सरकार भारतातल्या माणसाची तक्रार घेतं का?

नोंदवही:
तपासता येतो, पण एका ठिकाणी बघून भागत नाही.

आधी एस्टोनियाचं व्यापार रजिस्टर, ‘आरिरेगिस्टर’. आठ आकडी क्रमांक टाकला की कंपनी कधी नोंदली, भागभांडवल किती, संचालक कोण आणि वार्षिक अहवाल भरलेत का, हे दिसतं. एक्स्चेंज कोट्यवधींची उलाढाल सांगतंय आणि अहवालच भरलेला नाही, किंवा गेल्या काही महिन्यांत सगळे संचालक बदललेत, तर पुढचं तपासायचीही गरज नाही. कंपनी नोंदलेली असणं म्हणजे परवाना असणं नव्हे. ई-रेसिडेन्सीमुळे (परदेशी माणसाला मिळणारी एस्टोनियाची डिजिटल ओळख) ‘ओयू’ म्हणजे खासगी मर्यादित कंपनी परदेशात बसूनही काढता येते.

मग आर्थिक व्यवहार रजिस्टर, ‘एमटीआर’. जुने परवाने इथे सापडतात. लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच, कारण रद्द झालेला परवानाही रजिस्टरमध्ये तसाच दिसत राहतो. क्रमांक सापडला म्हणून समाधान मानू नका, स्थितीचा रकाना वाचा. ‘केहतेतु’ असेल तर परवाना संपलेला आहे. ‘एफव्हीआर’ (विनिमय) आणि ‘एफआरके’ (वॉलेट) ही अक्षरं २०२० च्या आधीच्या दुहेरी परवान्यांची. आजच्या जाहिरातीत ती दिसली तर मजकूर कुठूनतरी उचललेला आहे असं समजा.

आता मुख्य भाग. युरोपीय संघाचा ‘मायका’ नियम क्रिप्टो सेवा देणाऱ्यांना ३० डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. एस्टोनियात हे काम आता मनी लाँडरिंगविरोधी कार्यालयाकडे नाही, तर ‘फिनान्ट्सइन्स्पेक्त्सिओन’ या वित्तीय नियामकाकडे आहे. जुन्या ‘एफव्हीटी’ परवान्यांची सवलत १ जुलै २०२६ पर्यंतच होती. त्यानंतरच्या तारखेला फक्त तो क्रमांक दाखवणाऱ्या कंपनीला युरोपात सेवा देण्याचा अधिकार नाही. नवा परवाना युरोपीय रोखे प्राधिकरण ‘एस्मा’च्या यादीत शोधायचा. ती सीएसव्ही फाइलच्या रूपात उतरवून घेता येते आणि तिच्यात कंपनीची वेबसाइटही दिलेली असते. तो पत्ता तुमच्या ब्राउझरमधल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. खऱ्या कंपनीचं नाव आणि क्रमांक उचलून वेगळ्या डोमेनवर दुकान मांडणं हा नेहमीचा प्रकार आहे, आणि तो फक्त या जुळवणीत पकडला जातो.

शेवटी, परवाना कोणत्या सेवेसाठी आहे ते पाहा. मायकात दहा वेगवेगळ्या सेवा आहेत. केवळ सल्ला देण्याचा परवाना असलेली कंपनी तुमची नाणी सांभाळायला घेऊ शकत नाही.

टालिनकर:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘एस्टोनियाचा परवाना’ या शब्दांना वजन किती द्यायचं, हे तो कोणत्या साली मिळाला त्यावर ठरतं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये एस्टोनियाने क्रिप्टोसाठी परवाना आणला तेव्हा सरकारी शुल्क होतं ३४५ युरो. स्थानिक कार्यालयाची सक्ती नव्हती. परवाने इतके वाटले गेले की देखरेख अशक्य झाली. त्याच काळात डान्स्के बँकेच्या टालिन शाखेचं प्रकरण बाहेर आलं. २००७ ते २०१५ दरम्यान तिथल्या परदेशी ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे २०० अब्ज युरो फिरले होते. एवढ्या छोट्या देशाला ही बदनामी परवडणारी नव्हती, आणि नंतरची कडक पावलं त्या धक्क्यातूनच आली असं माझं मत आहे.

मार्च २०२० मध्ये शुल्क ३,३०० युरो झालं, संचालक मंडळ आणि कामकाजाची जागा एस्टोनियात असणं बंधनकारक झालं. त्या एका वर्षात एक हजाराहून अधिक परवाने रद्द झाले. मार्च २०२२ मध्ये शुल्क १०,००० युरो, भांडवल सेवेनुसार १ लाख किंवा अडीच लाख युरो, आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त क्रिप्टो कंपन्यांत संचालक राहायला बंदी. या फेरीत १८९ परवाने सरकारने काढून घेतले, सुमारे २०० कंपन्यांनी स्वतःच परत केले. मे २०२३ मध्ये उरल्या १००. छाननीत एकमेकींची नक्कल केलेल्या व्यवसाय योजना आणि आपण संचालक आहोत हेच माहीत नसलेले ‘संचालक’ सापडले. म्हणून २०१८-१९ च्या परवान्याची जाहिरात ही माझ्या लेखी धोक्याची खूण आहे.

मायकाखालचं संरक्षण बरंच खरं आहे: ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवणं, विनिमय किंवा सांभाळ करणाऱ्यांना किमान १,२५,००० युरो भांडवल, तक्रारीची विनामूल्य सोय. मात्र बँक ठेवींना असलेली १ लाख युरोंची हमी क्रिप्टोला लागू होत नाही. परवाना असलेली कंपनीही बुडू शकते.

कलम१०६:
तक्रारीबद्दल थोडं सविस्तर, कारण पहिले काही तास इथे फार मोलाचे असतात.

नियामक पैसे परत मिळवून देत नाही. फिनान्ट्सइन्स्पेक्त्सिओनला जरूर कळवा, पण ते परवान्यावर कारवाई करतात, तुमचा वाद सोडवत नाहीत. तिथलं मनी लाँडरिंगविरोधी कार्यालय ‘राहापेसु आन्द्मेब्युरो’ २०२१ पासून पोलिसांपासून वेगळं झालं आहे. संशय असल्यास ते व्यवहार किंवा खातं सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत रोखू शकतं. म्हणजे पैसे तिथल्या खात्यात पडून असतील तोवरच त्याचा उपयोग. फसवणुकीचा गुन्हा मात्र एस्टोनियाचे पोलीस आणि सरकारी वकील हाताळतात.

भारतातून क्रम असा ठेवा. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. रुपये यूपीआयने किंवा बँकेतून एखाद्या भारतीय खात्यात गेले असतील (बहुतेक वेळा तसंच असतं), तर यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) लगेच द्या. ते खातं गोठवण्याची संधी तेवढीच असते, पैसे पुढच्या खात्यांत पांगले की ती जाते. नाणी पाठवली असतील तर ट्रान्झॅक्शन हॅश (त्या व्यवहाराची ओळख असलेली लांब अक्षरमाला), दोन्ही वॉलेटचे पत्ते, कोणतं नेटवर्क (ट्रॉन की इथेरियम) आणि वेळ लिहून काढा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, हॅश मजकूर म्हणून कॉपी करा. चित्रातलं एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं तरी माग तुटतो. यूएसडीटी (टेथर कंपनीचं डॉलरशी जोडलेलं नाणं) असेल तर पोलिसांच्या विनंतीवरून टेथर कंपनी पत्ता गोठवू शकते. ग्राहकाने थेट मागितलं तर सहसा काही होत नाही, त्यामुळे एफआयआर हवाच. जप्तीची विनंती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जाते.

‘आधी कर भरा, मग पैसे सोडतो’ असा संदेश आला तर एक रुपयाही देऊ नका. एस्टोनियाचं कोणतंही कार्यालय एक्स्चेंजमार्फत ग्राहकाकडून असा कर घेत नाही. पैसे परत मिळवून देतो म्हणणारे ‘रिकव्हरी एजंट’ ही त्याच फसवणुकीची दुसरी पायरी असते.

चौकस:
फार उपयोगी. पण प्रत्यक्षात एस्टोनियातून कुणाला काही परत मिळतं का?

टालिनकर:
हॅशफ्लेअर या क्रिप्टो मायनिंग (यंत्रांनी नवी नाणी मिळवणं) कंपनीचं प्रकरण बघा. २०१५ ते २०१९ दरम्यान ५७.७ कोटी डॉलरचे मायनिंग करार विकले, प्रत्यक्षात यंत्रांची क्षमता सांगितल्याच्या १ टक्क्याहूनही कमी. दोघा संस्थापकांना नोव्हेंबर २०२२ मध्ये टालिनमध्ये अटक झाली, प्रत्यर्पण होऊन ते अमेरिकेला पोचायला मे २०२४ उजाडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि ४० कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता सोडून दिली. ती पीडितांच्या भरपाईसाठी आहे. पण त्यामागे एफबीआयचा तपास होता, आणि तरीही विक्री थांबल्यापासून पाच वर्षांहून अधिक काळ गेला.

नोंदवही:
एक भर घालतो. मार्च २०२३ पासून भारतीय ग्राहकांना सेवा देणाऱ्या परदेशी एक्स्चेंजनाही आपल्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससह नऊ परदेशी कंपन्यांना नोंदणी नसल्याबद्दल नोटिसा गेल्या होत्या. एस्टोनियाचा कागद पूर्ण खरा असला तरी ही नोंदणी नसेल तर पैसे टाकू नका.