मदत हवी: डुकरांना खरूज आहे की स्वाइन फीवर? कान निळसर पडलेत, दोघांनी खाणं सोडलंय

नमस्कार मंडळी, सिंधुदुर्गातून लिहितोय, गोव्याच्या हद्दीजवळ आमची छोटी पिगरी आहे, यॉर्कशायर क्रॉस म्हणजे संकरित जातीची डुकरं. सध्या शेडमध्ये तीनेक महिन्यांची पिल्लं जास्त आहेत, डिसेंबरात नाताळला गोव्यात जायची ती हीच. मागच्या महिन्यात एक लॉट बाहेरून आणला, देणारा म्हणाला लस झालीय पण कागद काही दिला नाही.

आता प्रॉब्लेम असा की बरीच जनावरं भिंतीला अंग घासतात, कानाच्या आत करड्या जाड खपल्या झाल्यात, कोपरामागची कातडी लाल आणि जाड. पण ती खातात-पितात, चपळ आहेत. त्याच शेडमधली दोन मात्र परवापासून कोपऱ्यात एकमेकांवर चढून पडून आहेत, थर्मामीटर लावला तर १०६ फॅरनहाइट, डोळ्यांना चिकट घाण, उठवलं की मागचा भाग डुलतो, आणि कान-पोटाखाली जांभळट डाग आलेत. आधी लेंडी कडक होती, आज पातळ.

मेडिकलवाला म्हणतो सगळ्यांना आयव्हरमेक्टिन (खरजेचे किडे मारणारं औषध) टोचा आणि सोबत एक अँटिबायोटिक, होतील बरे. शेजारी म्हणतात बाकीची लगेच खाटकाला देऊन मोकळा हो. मला तसं करायचं नाही, उद्या कोणाच्या तरी शेडमध्ये हा रोग माझ्यामुळे गेला तर? हा एकच आजार आहे का दोन वेगळे? आजारी दोघांना आयव्हरमेक्टिन द्यायचं का? कृपया ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगा, रात्री झोप नाही.

प्रतिसाद १

दादा, मी पशुवैद्यक आहे, बरीच वर्षं डुकरांवर काम केलंय. तुमच्या वर्णनावरून दोन वेगळी प्रकरणं दिसतात आणि ती एकत्र करू नका.

घासणारी, खाणारी, ताप नसलेली ती खरूज. सूक्ष्म किडा कातडीत बीळ करून राहतो, कानाच्या आतली खपली हे त्याचं घर. खरजेने ताप १०६ वर जात नाही आणि मागचे पाय डुलत नाहीत. डुकराचं नॉर्मल तापमानच १०२ च्या आसपास असतं हे लक्षात ठेवा.

ती दोन पडलेली जनावरं मला जास्त काळजीची वाटतात. आता एक काम करा, हातमोजे घालून जांभळ्या डागांवरून हात फिरवा. डाग चौकोनी किंवा शंकरपाळीच्या आकाराचे आणि हाताला उंच लागले तर एरिसिपेलस असू शकतो, तो बॅक्टेरियाचा आजार आहे, पेनिसिलिनला एक-दोन दिवसांत छान उतरतो. (हातावर जखम असेल तर तो माणसालाही लागतो म्हणून मोजे.) डाग सपाट असतील, डोळे चिकटलेले, आधी बद्धकोष्ठ मग हगवण, डुलणं, हे सगळं असेल तर स्वाइन फीवरचा संशय घ्यायलाच हवा. आणि आफ्रिकन स्वाइन फीवर, जो आपल्या देशात २०२० साली आसाम-अरुणाचलकडे पहिल्यांदा सापडला, तो डोळ्यांना हुबेहूब असाच दिसतो. या दोघांतला फरक फक्त लॅब सांगते, मी सांगू शकत नाही आणि मेडिकलवाला तर नाहीच. दोन्ही व्हायरस आहेत, कुठलंच अँटिबायोटिक त्यांना मारत नाही, ते फक्त वरून होणाऱ्या दुसऱ्या इन्फेक्शनसाठी. साध्या स्वाइन फीवरला लस आहे, आफ्रिकनला आपल्याकडे नाही. माणसाला दोन्ही होत नाहीत.

म्हणून आत्ता १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा किंवा तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना गाठा, जिवंत असतानाच रक्ताचा नमुना गेला पाहिजे. एखादं मेलं तर घरी कापून बघू नका, त्या रक्तातूनच सगळीकडे पसरतं. एकही जनावर किंवा मांस शेडबाहेर जाऊ देऊ नका. तुमचा विचार अगदी बरोबर आहे, खाटकाकडे पाठवलेल्या आजारी डुकरामुळेच हे रोग गावोगाव फिरतात. आफ्रिकन निघालाच तर सरकार १ किलोमीटरच्या आतली डुकरं नष्ट करतं, त्याची ठरलेली भरपाई मिळते, लपवून ठेवलं तर हातात काहीच राहत नाही.

प्रतिसाद २

भावा, धीर धर. मी पण डुकरं पाळतो, घाटावर. मला विचारायचंय की हॉटेलचं खरकटं घालतोस का? घालत असशील तर आजपासून अर्धा तास खळखळा उकळल्याशिवाय घालू नकोस, त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा असेल तर व्हायरस तसाच्या तसा आत येतो. आजारी दोघांना बघायला वेगळा माणूस किंवा मग सगळ्यात शेवटी तिकडे जायचं, बूट वेगळे, दारात जंतुनाशकाचं पाणी. गिऱ्हाईकाला शेडमध्ये अजिबात घेऊ नको, तो दिवसात चार शेड फिरून आलेला असतो.

आणि जंताचं पण बघ, नवीन लॉटमध्ये पोट सुटलेली, खोकणारी, केस राठ झालेली पिल्लं दिसली तर गोल जंत असतात, फेनबेंडाझोल हे जंताचं औषध चालतं. त्याची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात म्हणून शेण रोज उचलायचं. मोकळी सोडत असशील तर बंद कर, माणसाची विष्ठा खाल्ली की मांसात फोड धरतात आणि ते मांस कच्चं राहिलं की खाणाऱ्याच्या पोटात पट्टकृमी.

मूळ धागाकर्ता

सर, दादा, खूप आभार. खरकटं घालतो, आज मोठं पातेलं आणून उकळायला सुरुवात केली. डॉक्टर येऊन गेले, डाग सपाटच आहेत, त्यांनाही स्वाइन फीवरचाच संशय, दोघांचं रक्त बर्फात घालून नेलं. एक दुपारी गेलं, त्यांनी सांगितल्याप्रमाणे न कापता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. रिपोर्ट येईपर्यंत खरजेचं काही करायचं का थांबायचं? बाकीची घासून घासून रक्त काढतायत. आणि नाताळच्या विक्रीचं काय?

प्रतिसाद १

रिपोर्ट येईपर्यंत सुई लावू नका. एकच सुई सगळ्यांना फिरली तर रोग तुम्हीच पसरवाल. तोवर भिंती, लाकूड, गव्हाणी गरम पाण्याने घासून काढा. रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की १ टक्क्याचं आयव्हरमेक्टिन, ३३ किलो वजनाला १ मिली, कानामागे कातडीखाली, प्रत्येकाला नवी सुई, शेडमधल्या सगळ्यांना एकाच दिवशी. औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून १४ दिवसांनी दुसरा डोस द्यावाच लागतो, लोक इथेच सोडतात आणि खरूज परत येते. शेवटच्या डोसनंतर २८ दिवस कत्तलीला देता येत नाही, तेव्हा नाताळचा हिशोब त्यावरून करा. उरलेल्यांच्या लसीचं डॉक्टर रिपोर्ट बघूनच ठरवतील. रिपोर्ट आला की इथे टाका, रात्री कितीही वाजता टाकलात तरी मी बघतो.