मदत हवी आहे : शेजारच्या आजींना किरणोत्सव दाखवायचाय

मंडळी, मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या आजींना यंदा कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, बघायचाय. गुडघे पार गेलेत, मुलगा पुण्यात. आम्ही दोघं कामावरून येईपर्यंत आमच्या पोरांचं खाणंपिणं त्याच बघतात. पैशाचं नाव काढलं की लाटणं उगारतात! देवळातल्या स्क्रीनवर बघू म्हटलं, तर म्हणाल्या, "टीव्ही घरातबी हाय की."

९ नोव्हेंबरपासून संध्याकाळची किरणं महाद्वारातून आत येतात, म्हणजे गर्दी तिकडंच. मग व्हीलचेअर कुठल्या दरवाजानं न्यावी? घाटी दरवाजाला पायऱ्या आहेत. रिक्षा कुठपर्यंत सोडतात? आणि किती वाजता जाऊन बसावं? वयस्कर माणसाला नेलेल्या कुणीतरी सांगा की. मुलाला विचारलं, तो "कशाला उगीच" म्हणतोय, त्याचं सोडा.