चर्चा: मुलांच्या वॉर्डात औषधाचा कागद कायमचा बंद करून औषधं फक्त संगणकावर लिहावीत का?

टिपणवही:
माझं मत आधीच सांगते. हो, बंद करावा. मी बालरोगतज्ज्ञ आहे. मोठ्या माणसाला बहुतेक गोळ्या ठरलेल्या मापात देतात, मुलाला मात्र किलोमागे हिशेब करून. एकाच राउंडला मी ९०० ग्रॅमच्या बाळाचा आणि ६० किलोच्या मुलाचा डोस लिहिते. दशांशचिन्ह एक घर सरकलं की दहापट औषध जातं, आणि 'हे माझं औषध नाही' असं तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या मुलांच्या १०,७७८ ऑर्डरी, म्हणजे औषध देण्याच्या लेखी सूचना, तपासून २००१ साली एक अभ्यास आला. त्यात ६१६ चुका निघाल्या. इजा होऊ शकली असती अशा चुकांचं प्रमाण मोठ्यांच्या तिप्पट होतं. संगणक गुणाकारात चुकत नाही, ॲलर्जी विसरत नाही, आणि माझं अक्षर लागलं नाही म्हणून कोणाला अंदाज बांधावा लागत नाही.

रात्रपाळी:
डॉक्टर, गुणाकाराचं मान्य. पण औषध वेळेवर हातात येणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे. मी बरीच वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात ऑर्डरी संगणकावर गेल्यावर काय झालं ते २००५ साली छापून आलं. बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८० टक्क्यांवरून ६.५७ वर गेला. आधी रुग्णवाहिका वाटेत असतानाच औषधं सांगून ठेवता यायची. नव्या पद्धतीत मूल पोचून त्याची नोंद होईपर्यंत ऑर्डरच टाकता येईना. शिवाय उपचार करणाऱ्यांतला एक जण पलंगापासून दूर, पडद्यासमोर जाऊन बसला. अत्यवस्थ बाळापाशी दोन हात कमी होणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

टिपणवही:
सिस्टर, तो आकडा मलाही झोपू देत नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही. तीच प्रणाली सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने घेतली. नेहमी लागणाऱ्या ऑर्डरींचे संच आधीच बांधून ठेवले आणि पिट्सबर्गच्या अनुभवावरून धडे घेतले. तिथे मृत्युदर वाढला नाही. २०१० साली स्टॅनफर्डच्या मुलांच्या रुग्णालयाने तर तो २० टक्क्यांनी उतरल्याचं मांडलं. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, ते बसवण्याच्या घाईचा होता.

कंसपूर्ण:
मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि 'यंत्राचा दोष नाही' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत १६ वर्षांच्या एका मुलाला १६० मिग्रॅची एक गोळी द्यायची होती. त्याचं वजन ४० किलोच्या आत, म्हणून नियमाप्रमाणे डोस किलोमागे लिहायचा. हिशेब १९३ मिग्रॅ आला, तो गोळीच्या मापाशी जुळेना, म्हणून फार्मासिस्टने बदलून मागितला. डॉक्टरने १६० टाइप केलं, पण चौकटीत एकक 'मिग्रॅ प्रति किलो' असंच राहिलं. गुणाकार झाला. अगदी बरोबर झाला! उत्तर निघालं साडेअडतीस गोळ्या. इशारा आला, पण दिवसभर असे इतके इशारे येतात की डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांनीही तो बाजूला सारला. रोबोने पुड्या बांधल्या. सिस्टरला आकडा खटकला होता, पण बारकोड जुळला आणि तिने गोळ्या दिल्या. मुलाला फिट आली, सुदैवाने तो वाचला.

कागदावर 'साडेअडतीस' लिहिताना हात अडखळला असता. पडद्याने त्या आकड्याला अधिकार दिला. मुलांसाठीच्या चौकटीत एकक डोळ्यात भरेल इतकं मोठं का नसावं? कमाल डोसच्या पुढे ऑर्डर जाऊच नये, अशी अट का नसावी? हे लिहिणं अवघड नाही. मोठ्यांसाठी बांधलेली प्रणाली मुलांच्या वॉर्डात तशीच उतरवतात, हे खरं दुखणं आहे.

दोघींचीआई:
मी डॉक्टर नाही. माझ्या धाकटीला फिट्स येतात. एका रुग्णालयात तिच्या नोंदीत आठ महिन्यांपूर्वीचं वजन जसंच्या तसं पुढे आलं होतं, आणि डोस त्यावर काढला होता. माझ्या वहीत ताजं वजन तारखेसकट होतं म्हणून लक्षात आलं. संगणक असो की कागद, आई-बापाला ती नोंद वाचता आली पाहिजे. आम्हाला दाखवली असती तर ती चूक पहिल्याच दिवशी पकडली असती.

रात्रपाळी:
ताई, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. दर भेटीला वजन करा, असं सांगून आमचा घसा बसतो.

एक गोष्ट मात्र संगणकाच्या बाजूने. नवजात बाळाला नाव नसतं, सगळी 'बेबी बॉय', 'बेबी गर्ल'. चार पलंगांवर चार 'बेबी बॉय' असताना एकाची ऑर्डर दुसऱ्याला लागणं किती सोपं! न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात नोंदीत आईचं नाव जोडून प्रत्येक बाळाला वेगळं नाव दिलं. चुकीच्या बाळावर ऑर्डर टाकून लगेच मागे घेण्याचे प्रसंग ३६ टक्क्यांनी कमी झाले. असा बदल मला उद्या हवा. पण कागद 'कायमचा' बंद, याला माझा विरोध आहे. वीज गेली, सर्व्हर पडला, तर रात्री तीन वाजता मी कशावर बघून औषध भरू?

टिपणवही:
'कायमचा' मागे घेते. प्रत्येक पलंगाशी वजन आणि चालू डोस यांचा छापील तक्ता, रोज बदललेला, हे मला मान्य आहे. पण औषध लिहायचं ते संगणकावरच, यावर मी ठाम आहे.

कंसपूर्ण:
तक्ता त्याच नोंदीतून छापणार असाल, तर दोघींच्या आईने सांगितलेलं ते जुनं वजन त्याच्यावरही छापून येईल. वजनाशेजारी तारीख दिसली पाहिजे. आणि ती फार जुनी असेल तर डोसची चौकट उघडूच नये.

रात्रपाळी:
पण श्वास अडकलेल्या बाळाचं वजन करायला वेळ नसतो. तेव्हा चौकट उघडली नाही तर?