कॅडमियम सल्फाइडचा थर काचेवर टिकत नाही

रंकाळाकाठ: एमएस्सी भाग २, शिवाजी विद्यापीठ. केमिकल बाथने, म्हणजे काच गरम द्रावणात बुडवून, थर चढवतोय. पिवळा रंग येतो, पण नळाखाली धरला की पावडर होऊन जातो. की विषयच बदलू, अवकाश विज्ञान घेऊ?

पातळथर: तापमान ७०° सेल्सिअसच्या फार वर गेलं की अमोनिया उडतो, कॅडमियमचे आयन मोकळे होतात आणि सल्फाइड काचेऐवजी द्रावणातच तयार होतं. तेच काचेवर येऊन बसतं, त्याला पकड कसली? बीकर झाक, पीएच १० ते ११ मध्ये राख, स्लाइड उभी लाव. साका (द्रावणातला गाळ) दाटायच्या आत काढ. काच डिटर्जंटने धुऊन अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये ठेव; पाण्याचा सलग पडदा न राहता थेंब जमले, तर तेलकटपणा आहे, परत धू. उरलेला बाथ बेसिनमध्ये ओतायचा नाही, कॅडमियम विषारी आहे.

आभाळवाला: अवकाश विज्ञानात आम्ही एअरग्लो, म्हणजे वरच्या वातावरणाचा रात्रीचा मंद प्रकाश, कॅमेऱ्याने टिपतो. त्याला ना ढग चालतात ना चांदणं. म्हणजे इथल्या पावसाळ्यात कॅमेरा जवळपास बंदच. ६३०.० नॅनोमीटरचा प्रकाश साधारण २५० किलोमीटरवरून येतो, ५५७.७ चा मुख्यतः ९७ च्या आसपासहून. फिल्टर बदलला की वातावरणाचा थर बदलला. प्रोग्रॅमिंगची आवड असेल तर ये, भावा. नसेल तर बीकरच बरा.

पातळथर: वाळल्यावर सेलोटेप चिकटवून ओढ. टेप पिवळी झाली नाही, तरच पुढची मोजमापं.