जीसीसी गिटवर नेताना इतिहास नव्याने बांधला, ते योग्य झालं का?

सोनटक्का
जीसीसी हा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं अवजार) जानेवारी २०२० च्या दुसऱ्या शनिवार-रविवारी, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी सबव्हर्जन ही प्रणाली सोडून गिट या दुसऱ्या प्रणालीवर गेला. तोवर सबव्हर्जनमध्ये सुमारे २ लाख ८० हजार रिव्हिजन (क्रमांक दिलेले बदल) साठल्या होत्या. 'रिपोसर्जन' हे अवजार वापरून या इतिहासाचं रूपांतर करायचं काम २०१५ मध्येच हाती घेतलं होतं. दरम्यान गिट-एसव्हीएन या अवजाराने बनवलेला मिरर (सबव्हर्जनमधल्या इतिहासाची गिटमधली प्रत) होताच, आणि बरेच जण रोज तोच वापरायचे. मग तोच अधिकृत का नाही केला, असं अजून विचारलं जातं. माझ्या मते नाही केला तेच बरं झालं.

सगळ्यात मोठं कारण श्रेयाचं. सबव्हर्जन फक्त कमिट करणाऱ्याचं, म्हणजे बदल रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) चढवणाऱ्याचं, नाव ठेवतं. जीसीसीत मात्र कमिटचा अधिकार नसलेल्यांचे पॅच (सुचवलेले बदल) मेलिंग लिस्टवर येतात आणि दुसरंच कोणीतरी ते चढवतं. मिररमध्ये लेखक म्हणून या चढवणाऱ्याचंच नाव, आणि ईमेलच्या जागी सबव्हर्जनमधलं वापरकर्तानाव व पुढे रिपॉझिटरीचा ३६ अक्षरी यूयूआयडी (ओळख-क्रमांक). त्या पत्त्यावर पत्र जायचं नाही.

खरा लेखक चेंजलॉग फाइलीत, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत होता. नोंदीच्या पहिल्या ओळीत तारीख, दोन स्पेस, नाव, दोन स्पेस, ईमेल. रिपोसर्जनने त्या कमिटमध्ये वाढलेली ही ओळ वाचून लेखक आणि कमिट करणारा वेगळे केले. ज्यांनी कोड लिहिला त्यांची नावं आज 'गिट ब्लेम'मध्ये (कोणती ओळ कोणाची ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) दिसतात, ती यामुळे. शिवाय सर्व्हर गेला तरी आता प्रत्येकाच्या डिस्कवर पूर्ण इतिहास आहे.

दगडफूल
सहमत नाही. श्रेयाचा मुद्दा खरा, पण किंमत पाहा. २०१८ मध्ये हे रूपांतर ६४ जीबी मेमरीत मावेना. मग ते अवजार पायथनमधून गो भाषेत नव्याने लिहावं लागलं. एवढं करून मिळालं काय? मास्टरवर (मुख्य ब्रांचवर) मर्ज कमिट (दोन ब्रांच जोडणारा) चालत नाही, नॉन-फास्ट-फॉरवर्ड पुश (आधीचा इतिहास पुसणारा) हुक, म्हणजे सर्व्हरवरची तपासणी, परतवतो, पॅच आजही मुख्यतः मेलवरच तपासले जातात. म्हणजे कारभार केंद्रीयच राहिला. घरी बसून बायसेक्ट (बिघाड कोणत्या कमिटने आला ते शोधणं), ब्लेम, लोकल ब्रांच (आपल्या मशीनवरची कामाची वेगळी शाखा) हे सगळं मिररवर आधीच होत होतं.

आणि हॅश, म्हणजे गिटमधली प्रत्येक कमिटची ओळख, बदलले. मिररवर काढलेली प्रत्येक लोकल ब्रांच एका दिवसात अनाथ झाली. नव्या मास्टरशी मर्ज करायला जा, तर गिट सांगतं की दोन इतिहासांचा संबंधच नाही. सक्तीने केलंत तर अख्खा इतिहास दोनदा येतो.

बरं, हॅशवरून आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं हे कळत नाही. म्हणून 'गिट जीसीसी-डिस्क्र' नावाची उपकमांड द्यावी लागली. ती आर११-१२३४ अशा धाटणीचा क्रमांक बनवते: अकराव्या आवृत्तीच्या बेसपॉइंट टॅगपासून (तिचं काम सुरू झालं त्या खुणेपासून) १२३४ वा कमिट. सबव्हर्जनमध्ये हा क्रम फुकट मिळत होता!

रानमेवा
अनाथ ब्रांचबद्दल: साधा रिबेस (आपले कमिट नव्या पायावर पुन्हा लावणं) तिथे चुकतोच, कारण समाईक पूर्वज नसल्याने गिट मुळापासूनचे सगळे कमिट पुन्हा लावायला घेतं. जुना पाया हाताने सांगावा लागतो: गिट रिबेस --ऑन्टो, मग नवा मास्टर, मग मिररवरचा ज्या कमिटवरून ब्रांच काढली तो, शेवटी ब्रांचचं नाव. मग फक्त तुमचे पाच-दहा कमिटच उचलले जातात. ब्रांचमध्ये मर्ज असतील तर ते सपाट होतात, एवढं लक्षात ठेवा. जुने हॅशही फेकलेले नाहीत. मिररच्या ब्रांच नव्या रिपॉझिटरीत 'रेफ्स/गिट-ओल्ड' खाली ठेवल्या आहेत.

असं काम कुणी हाती घेणार असेल तर माझा आग्रह पडताळणीवर. प्रत्येक ब्रांच आणि टॅगचं टोक सबव्हर्जनमधून एक्सपोर्ट करा, तेच गिटमधून काढा आणि डिफ -आर (दोन डिरेक्टरींतला फरक दाखवणारी कमांड) चालवा. एक्सपोर्टला --इग्नोअर-कीवर्ड्स द्या, नाहीतर डॉलर-आयडीवाल्या ओळी (ज्यांत सबव्हर्जन स्वतः रिव्हिजनची माहिती भरतं) उगाच फरक दाखवतात. रिकाम्या डिरेक्टरी गिट ठेवतच नाही, तो फरक सोडून द्या. बाकी जे उरेल ते बहुधा एकाच कमिटमध्ये दोन ब्रांचना हात लागल्यामुळे. सबव्हर्जनमध्ये ब्रांच ही नुसती डिरेक्टरीची कॉपी, म्हणून तिथे ते चालतं. गिटमध्ये अशा कमिटचे दोन तुकडे करावे लागतात.

खडकमाळ
सोनटक्का, 'प्रत्येकाच्या डिस्कवर पूर्ण इतिहास' हे वाक्य कृपा करून मागे घ्या. या भरवशावर राहणं धोक्याचं आहे. जीसीसीत वैयक्तिक आणि कंपन्यांच्या ब्रांच 'रेफ्स/यूजर्स' आणि 'रेफ्स/व्हेंडर्स' खाली आहेत. साध्या क्लोनमध्ये त्या येतच नाहीत, मुद्दाम मागवाव्या लागतात. त्यामुळे क्लोन हलका राहतो, पण तो बॅकअप नव्हे.

केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं २०१३ चं उदाहरण घ्या. त्यांच्या गिट सर्व्हरची फाइलसिस्टीम बिघडली. मिरर रिपॉझिटरींच्या यादीवरून सिंक होत होते. यादीच खराब आली आणि यादीत नाहीत म्हणून मिररांनी चांगल्या रिपॉझिटरीही पुसल्या. सुमारे दीड हजार रिपॉझिटरी होत्या. एका सर्व्हरवर शाबूत प्रत राहिली म्हणून सगळं परत आलं. 'मिरर'चा अर्थच मुळात आहे तसं उतरवणं, बिघाडासकट. तारीखवार जुन्या प्रती वेगळ्या ठेवा आणि त्यांवर 'गिट एफएससीके' (प्रत शाबूत आहे का ते तपासणारी कमांड) चालवा.

सोनटक्का
मान्य, ते वाक्य मागे घेतो. मिररबाबतचं मत मात्र तेच.

दगडफूल, कारभार केंद्रीय राहिला तरी रोजच्या कामातली एक मोठी अडचण गेली. प्रत्येक पॅच चेंजलॉगच्या अगदी वरच्या ओळींत नोंद घालायचा. दोन पॅच, जागा एकच. त्यामुळे चेरी-पिक (एखादाच कमिट दुसऱ्या ब्रांचवर उचलणं) असो वा रिबेस, कोड नीट बसला तरी चेंजलॉगमध्ये कॉन्फ्लिक्ट (हाताने सोडवावा लागणारा संघर्ष) ठरलेला. मे २०२० पासून नोंद कमिट संदेशातच लिहायची, सर्व्हरवरचा हुक तिची मांडणी तपासतो, आणि रोज एक स्क्रिप्ट त्या नोंदी चेंजलॉग फाइलींत भरते.

दगडफूल
ही सुधारणा उत्तमच. पण ती इतिहास नव्याने बांधल्यामुळे झाली नाही. हुक आणि स्क्रिप्ट मिररवर, अगदी सबव्हर्जनवरही बसली असती. तिथे तर लॉग संदेश नंतर दुरुस्तही करता येतो. गिटमध्ये पुश झालेला संदेश बदलायचा तर हॅश बदलतो, म्हणून चूक तशीच राहते. नोंदीत काही चुकलं, तर स्क्रिप्टने चेंजलॉग भरेपर्यंत थांबायचं आणि मग फक्त चेंजलॉग फाइलीला हात लावणारा वेगळा कमिट करायचा.