मदत हवी आहे: आजोबांची चांदीची गदा काळी पडली आहे

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा कोल्हापूरच्या तालमीत घडलेले पैलवान. १९५९ साली श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, साधारण त्याच काळातले. जत्रेच्या मैदानात शेवटची कुस्ती मारून त्यांनी ही गदा आणली. आजी सांगायची, त्या रात्री गदा मांडीवर घेऊनच जेवायला बसले होते.

आत लाकूड, वर चांदीचा पत्रा, बारीक खिळ्यांनी ठोकलेला. आता पार काळी पडलीय आणि दांड्याजवळ पत्रा थोडा उचकटलाय. गोलाखाली नाव आणि साल कोरलंय, पण बोटानं चाचपलं तरच कळतं. "सन १९६" एवढं लागतं, शेवटचा आकडा झिजलाय.

एका सराफाकडे नेली, तर म्हणाला, मशीनवर पॉलिश करून नवी कोरी देतो. उरलीसुरली अक्षरंही जातील म्हणून परत आणली. रिठ्याच्या पाण्यात बुडवायचा धीर होत नाही, आतलं लाकूड फुगलं तर?

पाणी न लावता, अक्षरं न झिजवता काळेपणा कसा काढायचा? खडूची पूड चालेल का? आणि जत्रेच्या कुस्त्यांच्या जुन्या नोंदी कुठे मिळतात? ते साल मला हवंच आहे.

खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिक पदक आणलं, तरी अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतरच मिळाला. आमच्या आजोबांना तर या गदेशिवाय कुणी काहीच दिलं नाही. जुन्या चांदीचं काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.